तक्तेबाईंच्या कमरेची फाइल

तक्तेबाईंच्या कमरेवर त्यांच्या कार्यालयात पाच लेखी शेरे मारले गेले. तोंडी शेरे किती मारले गेले ते कुणी मोजलं नाही, कारण तोंडी शेऱ्याला कागद लागत नाही, शाई लागत नाही आणि लाज तर मुळीच लागत नाही. पण लेखी पाच होते, सहीसकट, तारखेसकट. त्यांतला एक हिरव्या शाईत होता. हे सगळं ज्या बाईंच्या बाबतीत घडलं त्यांनी सव्वीस वर्षांत एकाही कागदावर खाडाखोड केली नव्हती, म्हणून सांगताना आपलंही डोकं तापतं.

बाईंचं खातं खरेदीचं. पंखे, खुर्च्या, पंप, झाडू, जे काही इतर खात्यांना लागतं ते या कार्यालयातून घेतलं जातं, आणि तुलनात्मक तक्त्याशिवाय इथे टाचणीसुद्धा घेतली जात नाही. तीन-चार पर्याय, सात-आठ रकाने, खाली शिफारस. हे तक्ते बाई करत. इतके चोख करत, की त्यांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठेही उरलं नव्हतं. घरीसुद्धा तेच. मुलीचं कॉलेज, नवऱ्याचा चष्मा, बाथरूमचा नळ, सगळं तक्त्यातून पास होऊन आलेलं. "एक तक्ता करायचा राहिला, लग्नाआधीचा," असं त्या भांडणात म्हणत, आणि नवरा त्या वेळी हमखास चष्मा पुसायला घेई.

तर कंबर. बाईंचं वजन बेताचं होतं. अकरा वर्षं रोज सकाळी त्या पाच किलोमीटर चालत होत्या. त्यानं दंड उतरले, मांड्या उतरल्या, चेहरा तर इतका उतरला की लोक तब्येतीची चौकशी करू लागले. पण कमरेच्या दोन्ही बाजूंना, हाडाच्या जरा वर, दोन वळकट्या होत्या त्या मात्र जुन्या भाडेकरूंसारख्या जागा सोडायला तयार नव्हत्या. बाईंनी बावन्नाव्या वर्षी ठरवलं, की यांना आता काढायचं. कुणाच्या लग्नासाठी नाही, फोटोसाठी नाही, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नाही. त्यांना त्या नको होत्या. एवढं साधं होतं, आणि इथेच चुकलं, कारण साधी गोष्ट कुणालाच पटत नाही.

जेवताना त्यांनी घरात सांगितलं.

"मी लायपोसक्शन करून घेणार आहे."

नवरा बातम्या बघत होता. बातम्यांवरची नजर न काढता तो म्हणाला, "कशाला? मला तू अशीच आवडतेस."

आता हे वाक्य वर वर बघता किती गोड आहे! पण म्हणणाऱ्यानं निदान वळून बघावं की नाही? 'अशी' म्हणजे कशी, हे त्याला गेल्या पाच वर्षांत तरी ठाऊक होतं का, अशी बाईंना रास्त शंका आली, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुला आवडते का, हे मी विचारलंच नाहीये," त्या म्हणाल्या.

"मग मला सांगतेस कशाला?"

याला उत्तर होतं, पण ते देण्यापूर्वी नणंद आली. ती खालच्याच मजल्यावर राहते आणि वरच्या घरात आवाज चढला की तिला हटकून काहीतरी परत करायचं आठवतं. या वेळी तिच्या हातात किसणी होती.

"अगं वहिनी, या वयात?" किसणी छातीशी धरून ती म्हणाली. "आता कुणाला दाखवायचंय?"

"तुम्हाला नाही दाखवत. काळजी करू नका."

"तसं नाही गं. सकाळी कोमट पाणी पी. माझ्या जावेचे सहा किलो उतरले."

"मला किलो उतरवायचेच नाहीत!"

तेवढ्यात जिन्यातून कंपाउंडरकाका डोकावले. तळमजल्यावरचे काका एका दवाखान्यात तीस वर्षं पुड्या बांधत होते, त्यामुळे वैद्यकशास्त्रातलं त्यांना माहीत नाही असं काही उरलेलं नाही. "इथली चरबी काढली की तिथे येते," त्यांनी उभ्या उभ्याच निदान सांगितलं. "एकाची पोटाची काढली, तर मानेवर आली. माणूस मागे वळून बघू शकत नाही आता."

"कोण माणूस?"

"असतो," काका म्हणाले.

बाई ताटावरून उठल्या. पोट भरलं नव्हतं, पण पोटावर एवढी सभा भरल्यावर घास कुणाला उतरणार?

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच सर्जनबाईंकडे गेल्या. सर्जनबाई चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी वळकटी चिमटीत धरून बघितली, मग बाईंना वाकायला लावलं, सरळ उभं केलं, कातडी ओढून सोडून पाहिली.

"हे वजन कमी करायचं ऑपरेशन नाही, एवढं लक्षात घ्या," त्या म्हणाल्या.

"मला वजन कमी करायचंच नाहीये."

"मग आपलं जमेल."

सात जन्मांत कुणी इतकं शहाणं बोललं नसेल असं बाईंना वाटलं. त्यांनी पर्समधून वही काढली आणि विचारलं, "प्रकार किती?"

सर्जनबाईंनी मुख्य चार सांगितले. पहिल्यात त्या जागी आधी मिठाचं पाणी भरतात. त्यात बधिर करायचं औषध असतं आणि रक्त कमी जावं म्हणून आणखी एक औषध. जागा टम्म झाली की बारीक छेदातून नळी घालून चरबी ओढून घेतात. हा सगळ्यात रुळलेला प्रकार, आणि पाणी भरणं बाकीच्यांतही असतंच. दुसऱ्यात ध्वनिलहरींनी चरबी आधी सैल करतात. तिसऱ्यात लेसरच्या उष्णतेनं वितळवतात, त्यानं कातडी थोडी आवळायलाही मदत होते. पण या दोन्हींत उष्णता आहे, हात चुकला तर आतून भाजू शकतं. चौथ्यात नळीचं टोकच यंत्रानं थरथरतं, त्यामुळे डॉक्टरला जोर कमी लावावा लागतो.

"म्हणजे चौथ्यात फायदा पेशंटचा की डॉक्टरचा?" बाईंनी विचारलं. सव्वीस वर्षांची सवय, दुसरं काय.

सर्जनबाई पहिल्यांदाच हसल्या. "दोघांचा. पण आधी माझ्या खांद्याचा."

काहीही केलं तरी सूज येणारच, काळंनिळं होणारच, घट्ट पट्टा काही आठवडे घालावा लागणारच, आणि खरा आकार दिसायला काही महिने जाणारच, हेही त्यांनी सांगितलं. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. बारा तारीख रिकामी होती. "पेन्सिलीनं लिहून ठेवते," बाहेरची रिसेप्शनिस्ट म्हणाली. "आठ दिवसांत पक्कं सांगा."

आता घरी शांतपणे विचार करायची सोय नव्हती. नणंदेकडे परत करण्यासारख्या अजून पुष्कळ वस्तू होत्या. म्हणून बाईंनी कार्यालयात, जेवणाच्या सुट्टीत, दार लोटून तक्ता करायला घेतला. छापील कागद समोर होता, त्यावर हात चालायला लागला. चार प्रकार, आठ रकाने: भूल कोणती, वेळ किती, भाजण्याचा धोका, कातडीवर परिणाम, सूज, पट्टा, कामावर परत, डॉक्टरचा अनुभव. खाली शिफारस: 'पहिला प्रकार. भाग लहान, कातडी बरी, पद्धत रुळलेली.' वर विषय: 'लायपोसक्शन: प्रकारांची तुलना (स्वतःसाठी).' कागदामागे दवाखान्याची चिठ्ठी, बारा तारीख लिहिलेली, टाचली, कागद फाइलमध्ये घातला, नाडी बांधली. आणि मग त्यांच्या हातून ते झालं. आवक वहीतला पुढचा क्रमांक त्यांनी फाइलवर टाकला. मुद्दाम नाही. सव्वीस वर्षांत क्रमांक न टाकता त्यांनी एकही फाइल बांधली नव्हती, हात आपोआप वळला. मग त्या डबा धुवायला गेल्या.

परत आल्या तेव्हा फाइल टेबलावर नव्हती.

"पुढे दिली," शिपाई म्हणाला. तो निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, अत्यंत कर्तव्यदक्ष माणूस होता.

"अहो, ती माझी होती!"

"क्रमांक होता तिच्यावर."

बाई धावत लेखापालाकडे गेल्या. लेखापाल फाइल उघडून वाचत होता. गैरसमज नको, विषय काय आहे ते त्याला नीट कळलेलं होतं. त्या कार्यालयात प्रत्येकालाच नीट कळलं. पण क्रमांक पडला की ती फाइल, आणि फाइल म्हटली की शेरा. ती काय विषयाची आहे, हे बघणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं.

"ती परत द्या. खाजगी आहे."

"खाजगी आहे तर क्रमांक कसा?"

"चुकून पडला."

"मग रद्द करावा लागेल. तो साहेबांच्या आदेशानंच रद्द होतो, बाई. तुम्हीच तर मला शिकवलंत." एवढं बोलून त्यानं बाईंच्या डोळ्यांदेखत लिहिलं: 'चारही प्रकारांत हमी कालावधी नमूद नाही.'

ती फाइल मग नऊ दिवस फिरली. आवक कारकुनानं लिहिलं, 'क्रमांक तपासला, बरोबर आहे.' अभियंत्यानं लिहिलं, 'चौथ्या प्रकारातील यंत्राचे प्रात्यक्षिक घेणे इष्ट.' आस्थापनेच्या प्रमुखानं, ज्याच्या शर्टाचं चौथं बटण गेल्या कित्येक वर्षांत भोकात गेलेलं नाही त्या माणसानं, लिहिलं, 'संबंधितांचे वय पाहता गरज आहे काय, याची खातरजमा व्हावी.' आणि सगळ्यात शेवटी साहेबांनी हिरव्या शाईत दोनच शब्द लिहिले: 'चर्चा करावी.'

चौथा शेरा बाईंनी उभ्यानंच दोनदा वाचला. वयाचं काय? टंकयंत्र बदलताना कुणी टंकलेखकाचं वय विचारलं होतं? घरात नणंद तेच बोलली होती, पण निदान किसणी घेऊन, तोंडावर. इथे तर ते बारनिशीत, कायमच्या नोंदीत जाऊन बसलं होतं. बाईंना त्या दिवशी रडू आलं नाही, याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. फक्त कानशिलं तापली ती संध्याकाळपर्यंत निवली नाहीत. त्यात आठवा दिवस उलटून गेला होता आणि तारीख पक्की करायची राहून गेली होती.

साहेबांनी चर्चेला बोलावलं. शिपायाला बाहेर काढलं, दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, तक्ता फार छान झालाय."

"साहेब, तो रद्द करायचाय."

"करू, करू. घाई काय आहे." साहेबांनी स्वतःच्या पोटावर अलगद हात ठेवला. "हे… निघेल का?"

बाईंना इतका संताप आला होता, की त्यांनी अगदी खरं सांगितलं. "तुमचं आतलं आहे, साहेब. आतड्यांभोवतीचं. ते नळीनं निघत नाही. खाणंपिणं आवरलं, चाललं-फिरलं तर निघतं."

साहेबांचा चेहरा पडला. मग त्यांनी हात वर नेला, हनुवटीखाली. "आणि हे?"

"ते निघतं," बाई म्हणाल्या. खोटं बोलायला त्यांना येत नाही, हा त्यांचा दुर्गुण या ठिकाणी नोंदवून ठेवायला हवा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्यात फोन केला. "बारा तारीख पक्की करा."

"ती दिली," रिसेप्शनिस्ट म्हणाली. "तुमच्याच ऑफिसातले साहेब आले होते काल. म्हणाले, बाईंचं अजून काही ठरत नाहीये, त्यांची मला द्या. मला वाटलं तुम्हीच पाठवलंत."

बाईंनी फोन ठेवला. समोरच्या ट्रेमधल्या टाचण्या एक एक करून टाचणीच्या डबीत घातल्या. त्यांचं अजून ठरत नव्हतं! चार प्रकार, आठ रकाने, खाली स्वच्छ शिफारस, आणि ठरत नव्हतं कुणाचं? नवऱ्याचं, नणंदेचं, कंपाउंडरकाकांचं, लेखापालाचं! तिकडे साहेबांनी तोच तक्ता वाचून एका दिवसात ठरवलं, कारण त्यांना 'कशाला' असं विचारणारा त्या इमारतीत कुणी नव्हता. बाईंना त्या क्षणी साहेबांचा जितका राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. आपण सगळ्यांना उत्तरं देत का बसलो?

साहेब 'कौटुंबिक कारणास्तव' रजेवर गेले. नियमाप्रमाणे त्यांच्या जागेचा प्रभार सगळ्यात ज्येष्ठ माणसाकडे गेला, म्हणजे बाईंकडे. त्यांचा स्वतःचा रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता, तो तसाच राहिला. बाई साहेबांच्या मोठ्या खुर्चीत जाऊन बसल्या. खुर्ची त्यांनीच सहा वर्षांपूर्वी तक्ता करून घेतलेली होती आणि ती साहेबांनी एका बाजूला पार दाबून टाकली होती.

तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. आवाज दाढेतून आल्यासारखा येत होता.

"बाई, तो पट्टा… फार आवळतो. डोक्यावरून बांधलाय. किती दिवस असतो?"

"रकाना सहा," बाई म्हणाल्या.

"फाइल तिकडेच आहे हो."

"मग डॉक्टरांना विचारा."

फाइल खरंच तिकडेच होती. लेखापाल ती घेऊन साडेअकराला आत आला, सहीच्या कागदांच्या गठ्ठ्यात, सगळ्यात खाली.

"साहेबांची चर्चा झाली, पण आदेश राहिला," तो म्हणाला. "आता प्रभार तुमच्याकडे म्हणून तुमच्याकडे आणली. पण तुम्हाला आदेश देता येणार नाही, बाई. नियम आहे. स्वतःच्या बाबतीत स्वतः निर्णय घेता येत नाही."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. तो काही वाईट माणूस नव्हता. तो नियमच सांगत होता, आणि नियम कार्यालयाच्या बाबतीत बरोबरही होता.

"मग कोण घेणार?" त्यांनी विचारलं.

"अं?"

"माझ्या कमरेच्या बाबतीत. तुम्ही घेणार? आस्थापनावाला घेणार? त्याला बोलवा. अभियंत्याला बोलवा. आवकवाल्यालाही. शिपाई, तुम्हीसुद्धा या."

पाचही जण येऊन ओळीनं उभे राहिले. आस्थापनेच्या प्रमुखानं नेमका आजच स्वेटर घातला होता.

"मी हे मंजूर करत नाहीये," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि ज्यांनी त्यांच्याबरोबर काम केलं आहे त्यांना ते चढण्यापेक्षा भयंकर वाटतं. "नामंजूरही करत नाहीये. लिहून घ्या. 'सदर कंबर ही या कार्यालयाची मालमत्ता नाही. ती या कार्यालयानं खरेदी केलेली नाही, तिची देखभाल केलेली नाही, आणि ती सव्वीस वर्षं या कार्यालयाच्या खुर्चीवर बसून दुखली तेव्हा एकानंही शेरा मारलेला नाही. सबब तिच्याबाबत गरज तपासण्याचा, वय पाहण्याचा, हमी मागण्याचा आणि प्रात्यक्षिक घेण्याचा अधिकार कोणासही नाही. क्रमांक चुकीने पडला, ती चूक माझी. शेरे चुकीने पडलेले नाहीत. फाइल बंद.' लिहिलंत?"

"लिहिलं," लेखापाल म्हणाला.

"प्रत द्यायची यादी. पाचही शेरेवाल्यांना एकेक, सही करून पोच द्यायची. साहेबांची त्यांच्या टेबलावर ठेवा. अजून तीन काढा, बाहेरच्या. त्या मी स्वतः पोचवते."

"त्यांच्यावर काय लिहू?"

"माहितीसाठी. अभिप्राय अपेक्षित नाही."

आस्थापनेच्या प्रमुखानं तोंड उघडलं. बाईंनी त्याच्या स्वेटरकडे बघितलं. त्यानं तोंड मिटलं आणि सगळ्यांत आधी सही केली.

संध्याकाळी एक प्रत कंपाउंडरकाकांच्या पत्रपेटीत गेली. दुसरी नणंदेनं दारातच उघडली, वाचली, पुन्हा वाचली, आणि आयुष्यात पहिल्यांदा दार हळू लावलं. तिसरी बाईंनी नवऱ्यापुढे ठेवली. बातम्या चालूच होत्या. त्यानं 'सव्वीस वर्षं' या शब्दांपर्यंत वाचलं आणि टीव्ही बंद केला. मग उरलेलं वाचलं.

"कंबर दुखते तुझी?" त्यानं विचारलं. या वेळी तो बघत होता.

"दुखते. पण ऑपरेशन त्यासाठी नाहीये."

"बरं." मग त्यानं पेन शोधला, 'पोच मिळाली' असं लिहिलं, सही केली, तारीख घातली. "ऑपरेशनच्या दिवशी मी येऊ?"

"बाहेर बसायचं. काकांना आणायचं नाही. आणि कुणी काही विचारलं तर 'मला माहीत नाही' म्हणायचं."

"ते खरंच आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी साहेबांच्या खुर्चीतून दवाखान्यात फोन लावला. साहेब सोमवारी रुजू होणार होते, आणि रजेचा अर्ज त्यांच्या टेबलाच्या बरोबर मधोमध, आदेशाच्या प्रतीवर ठेवलेला होता. तोंड पट्ट्यानं आवळलेला माणूस नाही म्हणणार तरी कसा, याची बाईंना उत्सुकता होती.

"मंगळवार आहे रिकामा," रिसेप्शनिस्ट म्हणाली. "पण मागच्या वेळेसारखं नको हं. घरी, ऑफिसात, कुणाला विचारायचं असेल तर विचारून घ्या, उद्या सांगा. तोवर पेन्सिलीनं लिहिते."

"विचारून झालंय," बाई म्हणाल्या. "शाईनं लिहा."